एका आकड्याचा उलटतपास

काही दिवसांपूर्वी आमच्या विभागातल्या चर्चासत्रात एका सहकाऱ्याने एक आकडा सांगितला. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यांच्या खटल्यात ज्यांनी वकील न घेता स्वतःच बचाव केला, त्यांच्यापैकी फक्त २६ टक्के लोकांवर गंभीर गुन्हा शाबीत झाला. वकील असलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६३ टक्के होतं. खोली क्षणभर गप्प झाली, आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मग कोर्टाने वकील द्यायचाच कशाला?"

सगळे हसले. मीही हसले. पण त्या हसण्यात एक जुनी समजूत लपलेली होती, असं मला नंतर वाटत राहिलं. फुकट मिळालेला वकील काही कामाचा नसतो, त्यापेक्षा आपलं आपण बोललेलं बरं, ही ती समजूत. ती कोर्टाच्या आवारात, तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीपाशी, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर कुठेही ऐकायला मिळते. आता तिला अमेरिकेतल्या आकड्याचा आधार मिळाला, एवढंच.

आकडा खोटा नाही. तो एरिका हाशिमोतो या कायद्याच्या प्राध्यापिकेच्या २००७ सालच्या शोधनिबंधातला आहे. माझ्या प्रबंधाचा विषय कोर्टाने नेमलेले वकील हा असल्यामुळे हा निबंध मी बऱ्याच वेळा वाचलाय, आणि मला तो आवडतो. तरीही तो जसा सांगितला जातो, त्यावर माझा आक्षेप आहे. म्हणून आज या आकड्यालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून चार प्रश्न विचारते.

निबंध काय म्हणतो

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली गिडियन खटल्यात सांगितलं की गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे. पुढे १९७५ साली फॅरेटा खटल्यात त्याच न्यायालयाने याची दुसरी बाजू मान्य केली: आरोपी शुद्धीवर असेल, परिणाम समजत असतील आणि तरीही त्याला वकील नको असेल, तर त्याच्यावर वकील लादता येणार नाही. निकाल सहा विरुद्ध तीन असा होता. विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनी एका जुन्या म्हणीची आठवण काढली, जिचा आशय असा की जो स्वतःचा वकील होतो त्याचा अशील मूर्ख असतो.

पुढची तीसेक वर्षं बहुतेक न्यायाधीश आणि अभ्यासक याच म्हणीवर विसंबून होते. स्वतःचा खटला लढवणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा हट्टी, आणि हरणार हे ठरलेलंच. हाशिमोतोंनी विचारलं, की हे कुणी मोजून पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी राज्यांच्या आणि केंद्रीय न्यायालयांच्या उपलब्ध नोंदी एकत्र केल्या, आणि केंद्रीय न्यायालयातल्या दोनशेच्या आसपास खटल्यांची कागदपत्रं स्वतंत्रपणे तपासली.

त्यांच्या हाती जे लागलं ते अनेकांना धक्का देणारं होतं. राज्य न्यायालयांत ज्यांचा शेवट कळू शकला अशा २३४ स्व-बचाव करणाऱ्या आरोपींपैकी निम्म्याहून किंचित कमी लोक कोणत्या ना कोणत्या गुन्ह्यात दोषी ठरले. वकील असलेल्यांमध्ये ते प्रमाण ७५ टक्के होतं. गंभीर गुन्हा शाबीत होण्याचं प्रमाण अनुक्रमे २६ आणि ६३ टक्के. केंद्रीय न्यायालयांत दोन्ही गटांचं निर्दोष सुटण्याचं प्रमाण जवळपास सारखं होतं. आणि ज्यांची कागदपत्रं तपासली, त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्के लोकांमध्ये मानसिक आजाराची कोणतीही खूण कागदावर दिसली नाही.

म्हणजे 'वेडे किंवा मूर्ख' ही समजूत टिकली नाही. निबंधाचं हे काम मोठं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी, २००८ च्या एडवर्ड्स खटल्यात, त्याचा उल्लेख केला. सगळे जे गृहीत धरून चालले होते ते कुणीतरी बसून मोजलं, याबद्दल एक विद्यार्थिनी म्हणून मला या निबंधाचा हेवा वाटतो.

आता प्रश्न

पहिला प्रश्न: हे २३४ लोक कोण होते? एकूण आरोपींमध्ये स्वतःचा बचाव करणारे ०.३ ते ०.५ टक्के. हजारात तीन ते पाच. हे कुणी चिठ्ठ्या टाकून निवडलेले लोक नव्हते, त्यांनी स्वतःच स्वतःला निवडलं होतं. सर्दी झालेला माणूस घरीच काढा पितो आणि बरा होतो. छातीत कळ आलेला दवाखान्यात भरती होतो आणि कधीकधी दगावतो. यावरून काढा दवाखान्यापेक्षा भारी, असं कुणी म्हणत नाही. ज्याच्याविरुद्धचा पुरावा मुळातच लेचापेचा आहे, त्यालाच 'माझं मी बघतो' म्हणण्याचं धाडस होत असेल, ही शक्यता या आकड्यांतून बाजूला काढता येत नाही.

दुसरा प्रश्न: 'गंभीर' म्हणजे किती गंभीर? अमेरिकेत 'फेलनी' हा फार मोठा खण आहे. ढोबळमानाने एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते असे सगळे गुन्हे त्यात मावतात: चोरी, अमली पदार्थ बाळगणं, खोटे धनादेश आणि खूनसुद्धा. फॅरेटावर आरोप होता तो मोठ्या चोरीचा. तेव्हा या आकड्यावरून फाशीच्या खटल्याबद्दल काही बोलणं म्हणजे तालुक्याच्या पावसाच्या सरासरीवरून आपल्या शेतातल्या विहिरीचं पाणी सांगण्यासारखं आहे.

तिसरा प्रश्न: समोरचा गट एकजिनसी आहे का? 'वकील असलेले' या एका नावाखाली किती वेगवेगळे लोक आले. एकाने पदरचे पैसे मोजून नावाजलेला वकील केलाय. दुसऱ्याला मिळालेल्या वकिलाकडे त्याच दिवशी आणखी ढीगभर खटले आहेत. तिथे बहुतेक खटले साक्षीपुरावा न होता, सरकार पक्षाशी तडजोड करून, गुन्हा कबूल करूनच संपतात. या सगळ्यांची सरासरी काढली की ६३ येतात. पण त्या सरासरीसारखा वकील प्रत्यक्षात कुणालाच मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल की मग निबंधात उरलं काय? माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट उरली, आणि चर्चासत्रांत नेमकी तीच कुणी सांगत नाही. स्वतःचा बचाव करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी कोर्टाकडे *दुसरा वकील* मागितला होता. तो मिळाला नाही, तेव्हा ते म्हणाले, मग मीच बोलतो. खुद्द फॅरेटाचं म्हणणंही काय होतं? सरकारी खर्चाने बचाव करणाऱ्या कार्यालयावर कामाचा बोजा इतका आहे की माझ्याकडे कुणी लक्ष देणार नाही.

म्हणजे वकील हवा की स्वातंत्र्य, हा प्रश्न या लोकांपुढे फारसा नव्हताच. हा असा वकील की कुणीच नाही, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे होता. स्व-बचावाचा अर्ज ही पुष्कळदा नेमलेल्या वकिलाबद्दलची तक्रार असते. ती तक्रार नोंदवायला दुसरा कागद नसतो, म्हणून ती या अर्जाच्या रूपात येते. हाशिमोतोंनी ही गोष्ट दाखवली, पण त्यांच्या युक्तिवादाचा सगळा भर 'हे लोक वेडे नाहीत' हे सिद्ध करण्यावर राहिला. वकिलांबद्दलचा प्रश्न अर्धा विचारून सोडला. निबंधावर माझा खरा आक्षेप हाच आहे.

आपल्याकडे हाच प्रश्न कसा दिसतो

आकडा तिकडचा असला तरी बाकावरून आलेला प्रश्न इकडचा होता. म्हणून आता आपल्या कोर्टांकडे येते.

मराठी माणसाच्या मनात स्वतःचा खटला स्वतः लढवणारा आरोपी म्हटलं की एकच चित्र उभं राहतं: जुलै १९०८, मुंबई उच्च न्यायालय, न्यायमूर्ती दावर आणि आरोपीच्या जागी उभे लोकमान्य टिळक. ज्यूरीपुढचं त्यांचं भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तासांच्या वर चाललं. ते चित्र एवढं ठसठशीत आहे की स्व-बचाव म्हणजे बाणेदारपणा असं समीकरणच आपल्याकडे झालंय. पण तीन गोष्टी विसरायला नकोत. टिळकांनी कायद्याची पदवी घेतलेली होती आणि कायद्याचे वर्गही चालवले होते. त्यांना ज्यूरीइतकंच देशाशीही बोलायचं होतं. आणि इतकं बोलूनही ज्यूरीच्या सात जणांनी दोषी आणि दोघांनी निर्दोष म्हटलं, सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेला जावं लागलं. ते उदाहरण थोर आहे, पण दरोड्याच्या किंवा खुनाच्या आरोपाखाली आत गेलेल्या, सही करायला अंगठा पुढे करणाऱ्या माणसाला ते काही उपयोगाचं नाही.

त्या माणसासाठी कायदा काय म्हणतो? घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने त्याला पसंतीच्या वकिलाचा अधिकार दिला, ३९-अ ने मोफत कायदेशीर मदतीची दिशा दाखवली. सत्र न्यायालयातल्या आरोपीकडे वकील नसेल आणि ऐपत नसेल, तर न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील द्यायचा, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ मध्ये होतं. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३४१ आहे. १९७८ च्या होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने मोफत वकील हा न्याय्य प्रक्रियेचा भाग ठरवला. १९८६ च्या सुक दास निकालाने त्याहून पुढे जाऊन सांगितलं की आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही, ही सबब चालणार नाही. ज्याला अधिकार आहे हेच माहीत नाही, तो मागणार कसा?

वाचायला हे सगळं छान आहे. आता दोन खटले बघा.

दिल्ली: ५६ साक्षीदार

डिसेंबर १९९७ मध्ये दिल्लीत एका बसमध्ये स्फोट झाला, चार माणसं गेली. महंमद हुसेन ऊर्फ जुल्फिकार अली या पाकिस्तानी नागरिकावर खटला चालला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१२ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं तेव्हा दिसलं की ५६ साक्षीदारांच्या साक्षी झाल्या त्या वेळी आरोपीच्या बाजूने वकील उभाच नव्हता.

आपल्या कोर्टातली साक्षीची प्रत तुम्ही वाचली असेल तर हे कसं घडतं ते लक्षात येईल. सरतपास संपतो. खाली एक ओळ येते: उलटतपास – नाही, संधी दिली. ती ओळ टंकलिहायला काही सेकंद लागतात. ज्याला दिली, त्याने त्या संधीचं काय करायचं होतं? आपल्याला ओळखणाऱ्या साक्षीदाराने ओळख परेडीआधी आपलं छायाचित्र पाहिलं होतं का, पंचनाम्यावरची वेळ आणि ठाण्यातल्या नोंदीची वेळ जुळते का, हे त्याने विचारायचं? ते विचारायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं होतं?

या माणसाने स्वतःचा बचाव केला असं तांत्रिकदृष्ट्या म्हणता येईल. फॅरेटाने मिळवलेला तो हा अधिकार नव्हे. इथे आरोपीने काही निवडलं नव्हतं, त्याला एकटं टाकलं होतं.

दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं की हा खटला न्याय्य नव्हता. पुढे काय करायचं यावर मात्र मतभेद झाले: एकाच्या मते सोडून द्यावं, दुसऱ्याच्या मते नव्याने खटला चालवावा. मोठ्या पीठाने नव्याने खटला चालवायला सांगितलं. या वेळी वकील होता. २०१३ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला.

खंडवा: तेरा दिवस

दुसरा खटला मला जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात वकील होता.

मध्य प्रदेशात खंडव्याला जानेवारी २०१३ च्या अखेरीस एका नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. अनोखीलाल या तरुणाला अटक झाली. १९ फेब्रुवारीला न्यायालयाने त्याच्यासाठी वकील नेमला आणि त्याच दिवशी दोषारोपही निश्चित झाले. ४ मार्चला फाशी. मधे तेरा दिवस. दिल्लीची घटना घडून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. झटपट न्याय हवा, अशी सगळ्यांचीच मागणी होती आणि ती समजण्यासारखीही होती.

सहा वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. न्यायमूर्ती उदय लळित यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा सोपा आहे: ज्या दिवशी नेमणूक, त्याच दिवशी दोषारोप, तर त्या वकिलाने कागद वाचले कधी आणि आरोपीशी बोलला कधी? खटला लवकर संपवणं चांगलं, पण त्या घाईत न्याय गाडला जाता कामा नये. मग न्यायालयाने नियम घालून दिले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात नेमायच्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, तयारीला पुरेसा वेळ हवा, सर्वसाधारणपणे किमान सात दिवस. आणि त्याला आरोपीला भेटू द्यायला हवं.

खटला पुन्हा चालला. २०२२ मध्ये पुन्हा फाशी. डीएनएच्या पुराव्याच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने तोही निकाल बाजूला ठेवून प्रकरण परत खाली पाठवलं. मार्च २०२४ मध्ये अनोखीलालची निर्दोष मुक्तता झाली. अकरा वर्षं झाली होती.

इथे थांबून त्या मुलीच्या घरच्यांचा विचार करा. त्यांना तेरा दिवसांत न्याय मिळाला असं सांगितलं गेलं. मग तो काढून घेतला गेला. मग परत दिला, परत काढला. अकरा वर्षांनी हातात काय आलं, तर आपल्या मुलीला कुणी मारलं ते कळलेलंच नाही. बचावाचा वकील चांगला असणं ही आरोपीवरची मेहेरबानी आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा खटला मुळातून वाचावा. पहिल्याच फेरीत कुणीतरी खमकेपणाने उलटतपास घेतला असता, तर सगळ्यात जास्त भलं कदाचित त्या कुटुंबाचंच झालं असतं.

नियमांचा उलटतपास

२०१९ चे नियम चांगले आहेत. तरी एक अभ्यासक म्हणून मला त्यात एक उणीव दिसते. ते जे मोजतात ते मोजायला सोपं आहे: वर्षं आणि दिवस. दहा वर्षांची सनद असलेला आणि सात दिवस मिळालेला वकील त्या सात दिवसांत एकदाही तुरुंगात गेला नाही, तरी कागदोपत्री सगळं बिनचूक. आरोपीला भेटू द्यावं असं निकाल म्हणतो. भेट *झाली का*, हे कुणी कुठे लिहायचं, त्याबद्दल तो गप्प आहे.

ही भीती काल्पनिक नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या गटाने २०१६ साली फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांवरचा मोठा अहवाल काढला. तेव्हाच्या ३८५ कैद्यांपैकी ३७३ जणांशी ते बोलले. जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे होते. त्यातल्या बहुतेकांनी सांगितलं की सत्र न्यायालयातला आपला वकील आपल्याला कोर्टाबाहेर कधी भेटलाच नाही. वर जाल तसं हे अंतर वाढत जातं. आणि एक तपशील आपल्या समजुतीला धरूनच आहे: पुष्कळ गरीब कुटुंबांनी मोफत वकील मिळत असताना जमीन, दागिने, जनावरं विकून खाजगी वकील केला, कारण फुकटच्या वकिलावर त्यांचा भरवसा नव्हता. गंमत म्हणजे, पैसे दिलेला वकीलही भेटायला आलाच असं नाही.

दुसरी उणीव निकषाची. कसाबच्या अपिलात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की खटल्याच्या वेळी वकील न देणं हा असा दोष आहे की त्याने खटलाच रद्दबातल होतो. त्याआधीच्या टप्प्यावर दिला नसेल, तर मात्र त्यामुळे नुकसान झालं हे दाखवावं लागेल. ज्याच्यासाठी मुंबईत वकील उभा राहायला तयार नव्हता, त्यालाही तो दिलाच पाहिजे, यावर आपल्या न्यायव्यवस्थेने तिथे तडजोड केली नाही, आणि याचा मला अभिमान आहे. पण या निकषात वकील एकतर आहे किंवा नाही. *असून नसलेला* वकील कोणत्या रकान्यात घालायचा? अनोखीलालसारखं प्रकरण वर गेलं, तारखा इतक्या उघडपणे विचित्र होत्या, म्हणून ते दिसलं. तारखा व्यवस्थित असत्या तर?

म्हणून 'नेमलेला वकील की स्व-बचाव' या जोडीच्या जागी मी माझ्या प्रबंधात चार रकाने करते. वकील आहे आणि काम करतो. वकील आहे, पण नावापुरता. आरोपीने समजून-उमजून स्वतः उभं राहायचं ठरवलं. आणि आरोपी एकटा पडला. हाशिमोतोंच्या आकड्यात पहिले दोन एकत्र मिसळले आहेत. आपल्या कायद्यातही पहिले दोन एकत्र मिसळले आहेत. तिसऱ्याबद्दल आपण टिळकांमुळे हळवे आहोत, पण गरिबांच्या खटल्यात तो फारसा येतच नाही. दुसरा आणि चौथा मात्र आरोपीच्या बाजूने पाहिले तर एकच आहेत. फरक एवढाच की चौथ्यात निकाल रद्द होतो आणि दुसऱ्यात कायम राहतो.

एका शब्दाचा घोळ

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहिली, ती इंग्रजी निबंधांत सापडणार नाही. मराठीत 'सरकारी वकील' म्हणजे आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा. पण सरकारने फुकट दिलेल्या वकिलालाही लोक सर्रास सरकारी वकीलच म्हणतात. आता आरोपीच्या जागी उभं राहून ऐका: "काळजी करू नको, तुला सरकारी वकील मिळेल." पकडलं सरकारने, आत ठेवलं सरकारने, खटला सरकारचा, आणि आता वकीलही सरकारचाच! अशा माणसाला मनातलं खरं काय ते सांगायचं, हा सल्ला कुणाला पटेल? अविश्वासाची पहिली वीट इथेच, शब्दात बसते. पुढे तो वकील भेटायला आला नाही की भिंत पुरी होते.

२०२२ पासून देशभर बचावाच्या वकिलांची पूर्णवेळ कार्यालयं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांमार्फत सुरू झाली आहेत. पूर्वी पॅनेलवरचा वकील आपली खाजगी कामं सांभाळून हे करायचा. आता मानधनावर फक्त हेच काम करणारे लोक आहेत. सुधारणा खरी आहे. पण तिचं मूल्यमापन 'इतक्या लोकांना वकील दिले' एवढ्यावर थांबलं, तर आपण पुन्हा रकाना एक आणि दोन एकत्र मोजणार.

मला विचाराल तर मोठा कायदा नको. रोजनाम्यात तीन ओळी वाढवा. वकील आरोपीला कोणत्या तारखेला, कुठे, किती वेळ भेटला. दोषारोपपत्रातला मजकूर आरोपीला त्याच्या भाषेत कुणी समजावून सांगितला. आणि 'उलटतपास – नाही' असं लिहिलं जाईल तेव्हा त्याचं कारण, एका वाक्यात. यासाठी खर्च नाही, नेमणुका नाहीत. न्यायाधीशाने विचारायचं आणि लिपिकाने लिहायचं. या तीन ओळी असतील तर अपिलात वरच्या न्यायालयाला तारखांवरून अंदाज बांधत बसावं लागणार नाही, आणि माझ्यासारख्या विद्यार्थिनीला दुसरा रकाना निदान मोजता येईल.

अजून एक, कलम ३१३ चा जबाब, आता ३५१. अख्ख्या खटल्यात आरोपी स्वतःच्या तोंडाने न्यायाधीशाशी बोलू शकतो तो बहुधा तेव्हाच. पुष्कळदा शे-दीडशे प्रश्न आणि उत्तरं दोनच: 'खोटं आहे', 'माहीत नाही'. स्व-बचावाच्या अधिकारामागची जी चांगली कल्पना आहे, की ज्याचा जीव पणाला लागलाय त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत ऐकलं जावं, तिला आपल्याकडे जागा आहे ती इथे. चांगला वकील आरोपीला या दिवसासाठी तयार करतो, त्याच्या बोलण्याला वाट करून देतो. वकील की स्वतःचा आवाज, अशी निवड करायची वेळ कुणावर येऊच नये.

तर मागच्या बाकावरच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. कोर्टाने वकील द्यायचा, कारण ५६ साक्षीदार एकटा माणूस तपासू शकत नाही. आणि दिल्यावर तो भेटला का, हेही कोर्टानेच विचारायचं. ते विचारलं जात नाही, तोवर तुझ्या त्या २६ आणि ६३ मध्ये आपले लोक कुठे बसतात, हे मला सांगता येणार नाही.